पाण्याखालचा उंबरा

पौष वद्य पंचमी, बुधवार. सकाळी नऊचा सुमार, दाट धुकं. हजर: आचारी गोविंदराव, माळी धोंडू, टांगेवाला इस्माईल, खिडकीशी उभे दोन रुग्ण, आणि मी. गैरहजर: आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या हौसामावशींचा आंदर मावळातला पुतण्या. निरोप पोचला होता, माणूस पोचला नव्हता. लोणावळ्याच्या आमच्या आरोग्यभुवनाची व्यवस्था सोळा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हजेरी घेणं अंगवळणी पडलेलं. मावशी पहाटे गेल्या होत्या. तिरडी बांधून झाली होती आणि खांदेकरी तीनच होते. इतक्यात धुक्यातून फाटकाशी एक घोंगडीवाला आला. आमच्याकडे तो कधीच आला नव्हता, कुणाच्या ओळखीचाही नव्हता. त्यानं तिरडी पाहिली, पाठीवरचं घोंगड्यांचं ओझं पायरीवर उतरवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत चौथा खांदा दिला. ते चौघे वळणाआड गेले तेव्हा मी वही उघडून आदल्या संध्याकाळचं पान पुन्हा वाचलं. माझ्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: धोंडू, इस्माईल, गोविंदराव, घोंगडीवाला…

ते पान कसं लिहिलं गेलं, ते आधीपासून सांगायला हवं. मावशी कामाला आल्या त्या पहिल्या दिवशी मी त्यांना यादी वाचून दाखवली. खोल्या झाडणे, तांबे घासणे, गाद्या उन्हात टाकणे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् सांजच्याला ह्या समद्यांला राम राम कोन घालनार?"

"कुणाला?"

"बादलीला, खराट्याला. दिसभर राबत्यात की."

गोविंदराव स्वयंपाकघरातून ओरडले, "मावशी, आमच्या पळीलाही घाला बरं का, नाहीतर रुसायची!"

"तिला कशापायी? ती तर निम्मं तुमच्याच ताटात वाढती!"

आतून गोविंदरावांचंच हसू ऐकू आलं.

दिवेलागणीला मावशी मागच्या पायरीवर बसत आणि त्या दिवशी ज्यानं ज्यानं काही दिलं, त्याचं नाव घेत. नळाला वेळेवर पाणी आलं. धोंडूनं शिडी धरली. सात नंबरच्या आजोबांनी लिमलेटची गोळी दिली. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, तेव्हा एकदा चांदण्याचंही नाव घेतलं. वय झालं तशी विसरायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी टिपा. कुनाचं राहिलं तर मला झोप लागत न्हाई." मी टिपायला लागले. वहीच्या उजव्या पानावर माझी उद्याची कामं, डाव्या पानावर त्यांची आजची नावं. उजवं पान मला नेहमी धास्ती घालायचं. डावं पान भरताना मात्र हसू यायचं. चार-सहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की दिवसा काही बरं घडलं की मी मनात म्हणते, हे संध्याकाळी मावशींना सांगायचं. कुणी दार धरून उभं राहिलं, दूध उतू जाता जाता वाचलं, एवढंसंच काहीतरी. त्यानं दिवस हलका व्हायचा.

मावशींचं सासरघर वलवणच्या तळ्याखाली होतं. धरण बांधलं तेव्हा त्या ऐन विशीत होत्या. वाडी उठली, पाणी भरलं. पण वैशाखात पाणी ओसरलं की काही दिवस घरांचे दगड उघडे पडायचे. तेवढ्या दिवसांत एकदा जाऊन त्या आपला उंबरा धुऊन यायच्या. दरसाल, न चुकता. एका वर्षी मीही बरोबर गेले. भर दुपार होती. भेगाळलेला चिखल, वारा नाही, पाखरू नाही. मधोमध एक काळा दगडी उंबरा आणि पलीकडे गाळानं बुजलेलं उखळ, बस्स. भिंती नाहीत, छप्पर नाही. मावशींनी काथ्यानं दगड घासला, तळ्याचंच पाणी ओतलं, वर एक फूल ठेवलं. मग कपाळाला हात लावून, वाकून, त्या आत गेल्या. मी सरळ चालत निघाले, तशा दचकून म्हणाल्या, "बाई, वाकून! कपाळ आपटंल." मी वाकले. मी व्यवहारी बाई आहे, अंगात येणं वगैरे मला मानवत नाही. पण बाहेरच्या उन्हातून घरात शिरावं तसा माझ्या पाठीवर गारवा आला, आणि बाहेर पडल्यावर तो गेला. मावशी आत जागेवर फिरून सांगत होत्या, "हितं चूल. हितं म्हस. हितं पाच जनं जेवायची. लय दिलं ह्या घरानं. पान्यात बसलंय म्हून काय इसरायचं?"

गेल्या वैशाखात आरोग्यभुवन भरून गेलेलं, दोन बायका रजेवर. मावशींनी एक दिवस मागितला. मी यादीकडे बघतच म्हटलं, "मावशी, यंदा नाही जमायचं. पुढल्या वर्षी मी स्वतः घेऊन जाईन." त्या "बरं" म्हणाल्या. आठवडाभरानं मला सवड झाली तोवर वळवानं तळं चढलं होतं आणि दगड बुडाले होते. इतक्या वर्षांत उंबरा पहिल्यांदाच तसाच राहिला, तो माझ्यामुळे. मी 'नाही' म्हटलं त्या संध्याकाळीही त्यांनी नावं घेतली. त्यात माझंही होतं: बाईंनी पुढल्या सालचं कबूल केलं. ते मला माझ्याच हातानं लिहावं लागलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पौषात त्यांना ताप भरला. शेवटच्या मंगळवारी दिवा लावल्यावर त्यांनी खुणेनं सांगितलं, वही घ्या. मग ती चार नावं सांगितली.

"कशाबद्दल, मावशी?"

"उचललं मला. लय हळू उचललं. धक्का न्हाई लागू दिला."

तापात बोलताहेत असं समजून मी प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं. इथे घोंगडीवाला कोण, हेही मनात आलंच. वही मिटणार तोच त्या म्हणाल्या, "आन् बाई."

"मी काय केलं?"

"उंबरा धुतला की. लख्ख केला."

"मावशी, यंदा आपण गेलोच नाही…"

त्या गालात हसल्या. माझी समजूत घालावी तसं म्हणाल्या, "मी आतनं बघत हुते." मी पाचवं नाव 'बाई' असं लिहिलं आणि त्यापुढेही प्रश्नचिन्ह घातलं.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून परतल्यावर घोंगडीवाल्यानं चहा घेतला. इकडे कसा वळलास, विचारलं तर म्हणाला, "काय की. वळावंसं वाटलं." ओझं उचलून गेला, परत दिसला नाही. त्या संध्याकाळी मी चार प्रश्नचिन्हं खोडली. पाचवं तसंच आहे.

आता फाल्गुन लागला. मागच्या पायरीवर बसून नावं मीच घेते, मोठ्यानं. पहिल्या दिवशी संकोच वाटला, आता गोविंदरावही येऊन टेकतात आणि पळीचं नाव घालायला लावतात. दर रविवारी इस्माईल मला टांग्यातून तळ्यापर्यंत नेतो. परवा काठावरून पाहिलं, पाणी अजून बरंच वर आहे. काथ्या, तांब्या आणि खराटा पिशवीत भरून दाराशी ठेवलेत. वैशाखाचं उजवं पान आतापासून कोरं राखलंय, त्यावर दोनच ओळी आहेत.

उंबरा धुणे.

आत जाताना वाकणे.