सूट गेली, पण आई गाडीवर बसली

मंडळी, आज आईआबांना घेऊन कराडला इलेक्ट्रिक स्कूटर बुक करायला गेलो. शोरूममध्ये कळलं, सरकारी सूट बंद झाल्यानं किंमत वाढलीय. आबा म्हणाले, "मग पेट्रोलचीच बघू."

आईनं नको म्हणून मान हलवली. पेट्रोलच्या वासानं तिला मळमळतं, म्हणून कित्येक वर्षं ती स्कूटरवर बसलेलीच नाही.

सेल्समननं तरीही इलेक्ट्रिक गाडीवर एक चक्कर मारायला दिली. आबांच्या मागं बसून आई कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन आली. उतरताना म्हणाली, "आवं, पुलावर वारा लय गार हाय!"

आबांनी फॉर्म पुढं ओढला. "सूट न्हाई तर न्हाई."

शेजारी बसलेले एक दूधवाले मात्र किंमत ऐकून माघारी गेले. रोज गावोगाव फिरणाऱ्यालाच ही गाडी परवडेना, हे मनातून जात नाही. तुमच्याकडं कुणी असं माघारी फिरलंय का?