हिरामणभाऊंचा सावलीचा तपास

हिरामणभाऊ लग्नाच्या मांडवात कधी जेवले नाहीत. जळगावात आणि आजूबाजूच्या गावांत ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. पंगत बसली की यजमान त्यांना हाताला धरून न्यायला येई. ते म्हणत, "तुम्ही जेवा बिनघोर. जेवणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा धरू नये, घास घशात अडकतो." यजमान खूश होऊन परत जाई. मग हिरामणभाऊ पिशवीतून काळा लोकरी कोट काढत, भर वैशाखात तो अंगात घालत, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून चालू करत आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. त्या क्षणापासून ते गुप्तहेर असत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. एकोणीसशे शहाऐंशी साल. कार्यालयासमोरचा रस्ता त्याच वर्षी रुंद झाला होता आणि कडेचे सगळे निंब गेले होते. बाहेर आलो तर कोट घातलेला एक घामाघूम माणूस माझ्या मामांना दरडावून विचारत होता, "इथली सावली कोणी नेली?"

मामा पारोळ्याचे, साधे. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आम्ही वऱ्हाडी. आम्ही आलो तेव्हाच नव्हती."

मामांना अखेरपर्यंत तो सरकारी माणूस वाटत होता. मी मात्र हसू आवरू शकलो नाही. हिरामणभाऊंनी कोट काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मास्तर ना? नवरीचे भाऊ? मग संवाद लिहून द्या. मामा बिनसंवादाचे एवढं चांगलं बोलतात, लिहून दिल्यावर किती बोलतील!"

त्यांचा सिनेमा असा होता. जळगावातली सावली चोरीला जाते आणि एक गुप्तहेर तिचा तपास करतो. गर्दी फुकट हवी म्हणून लग्नं. लग्नाच्या कॅसेटवर शेवटी दहा-पंधरा मिनिटं उरत, तेवढीच त्यांची. घरी दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून ते तुकडे जोडत. कितीतरी घरांत लोक आपल्या लग्नाची कॅसेट पाहताना अजून विचारत असतील, हा कोटवाला कोणाकडचा?

दोन वर्षं मी त्यांच्यासाठी लिहिलं. रविवारी ते पिंपराळ्यात माझ्या घरी येत. अंगणातल्या निंबाखाली आम्ही बसत असू. सराफ गुप्तहेराला म्हणतो, "सोनं असतं तर कसाला लावून सांगितलं असतं, सावलीला कस नाही." पाइपवाला म्हणतो, "झाडाला थेंब थेंब पाणी द्यायची व्यवस्था तयार आहे, तुम्ही फक्त झाड आणा." कचेरीतला कारकून म्हणतो, "हरवल्याचा अर्ज सावलीच्या मालकाने करावा." हे माझे संवाद. पण सिनेमातलं सर्वांत चांगलं दृश्य बिनसंवादाचं होतं आणि ते हिरामणभाऊंचं होतं. बस थांब्यावर दुपारी अकरा माणसं विजेच्या एका खांबाच्या सावलीत, एकामागे एक, सरळ रेघेत उभी आहेत. खांबाची सावली सरकते तशी रांग सरकते. ते त्यांनी रचलं नव्हतं, नुसतं टिपलं होतं. "कॅमेराले बठ्ठं दिसस, मास्तर," ते नेहमी आपल्या अहिराणीत म्हणत, म्हणजे कॅमेऱ्याला सगळं दिसतं. "माणूसलेच दिसत नही."

आमचे वाद दोन गोष्टींवरून होत. मी सगळ्यांना शुद्ध मराठीत बोलायला लावत असे. ते म्हणत, "तुमचा गुप्तहेर आकाशवाणीवरून आल्यासारखा बोलतो." दुसरा वाद शेवटाचा. माझं म्हणणं, सावली सापडू नये. गुप्तहेर उन्हात चालत दूर जावा, बस. ते अस्वस्थ होत. "मंग लोके घर काय लई जातीन? पदरचा चहा पाजून आपण त्यांना ऊन दाखवायचं?" मी पुस्तकं वाचलेला माणूस. मी त्यांना वाङ्मयाच्या चार गोष्टी सांगितल्या. शेवट माझा झाला. सुरुवातीला पाटीवर खडूने लिहिलेली नावं होती, त्यातही माझं नाव त्यांच्या नावाच्या वर होतं.

खेळ एकदाच झाला. मुहूर्त नसलेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात, भाड्याच्या टीव्हीवर. साठ-सत्तर माणसं होती. लोक हसले, मामा तर आपल्याच दृश्याला उठून उभे राहिले. सिनेमात एक पुढारी होता. तो शाळेच्या कुंपणालगतचे निंब तोडून दुकानांचे गाळे काढतो आणि मग कापडी मंडपात बसून वृक्षारोपणावर भाषण करतो. माझ्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी त्याच वर्षी तेच केलं होतं. अध्यक्ष त्या दिवशी येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. ते मागच्या खुर्चीवर बसले होते.

खेळ संपल्यावर ते माझ्याजवळ आले. शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही लिहिलंत?"

माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्या महिन्यात त्यांच्या सहीसाठी गेलेला होता. घरी आई आजारी होती. ही कारणं मी तेव्हा मनात म्हटली आणि पुढेही अनेक वर्षं म्हणत राहिलो. मी म्हणालो, "नाही साहेब. मी फक्त शुद्धलेखन तपासलं."

हिरामणभाऊ दोन हातांच्या अंतरावर होते, टीव्हीची वायर कोपराला गुंडाळत. त्यांनी वर पाहिलं नाही. अध्यक्ष गेल्यावर वायरची गुंडाळी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं झालंय, मास्तर."

पुढच्या रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. "मास्तर! ओ मास्तर!" मी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं. हिरामणभाऊ होते, अंगात कोट, मागे फाटकाजवळ तिकाटण्यावर कॅमेरा. मला वाटलं, जाब विचारायला आले. कॅमेऱ्यासमोर विचारणार. मी पडदा सोडला आणि आईला खूण करून गप्प बसायला सांगितलं. त्यांनी तीनदा हाक मारली. मग हाका थांबल्या. अर्ध्या तासाने पाहिलं तर कोणी नव्हतं.

कागदावर सही झाली. मी कायम झालो आणि संस्थेने मला धुळ्याच्या शाळेत पाठवलं. पिंपराळ्याचं घर विकलं. धुळं काही लांब नाही, पण न जाणाऱ्याला लांबच. एकदोनदा जळगावच्या स्टँडवर उतरून मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं मी सहज लिहीत असे, माझं स्वतःचं एक वाक्य जमलं नाही.

दहा वर्षांनी ते गेल्याचं मला मामांकडून कळलं, तेही दिवस होऊन गेल्यावर. मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ओळखलं. धंदा शेवटी बसला होता, गल्लोगल्ली कॅमेरे झाले होते. नवी कॅसेट घ्यायला पैसे नसत, म्हणून जुन्यांवरच नवी लग्नं उतरली. सिनेमाचे तुकडे असे एकेक करून पुसले गेले.

"एकच ठेवेल शे," वहिनी म्हणाल्या. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी आणून दिली. "मास्तर येतीन तवय दे, असं सांगी ग्यात."

डब्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: शेवट बदलला.

धुळ्याला येऊन मी शेजाऱ्यांकडे ती लावली. चित्र फिकट पडलं होतं, पण सगळं होतं. पाटीवर माझं नाव तसंच वर होतं. मामा हात जोडत होते, अकरा माणसं खांबाच्या सावलीत सरकत होती. माझा शेवट आला. गुप्तहेर उन्हात चालत दूर गेला. पण कॅसेट थांबली नाही. तोच गुप्तहेर पिंपराळ्यात माझ्या फाटकातून आत शिरला. त्याने कडी वाजवली. "मास्तर! ओ मास्तर!" खिडकीचा पडदा बोटभर सरकला आणि पुन्हा जागेवर आला. तो त्या खिडकीकडेच पाहत होता.

त्याने आणखी दोनदा हाक मारली. मग तो वळला, अंगणातल्या निंबाखाली बसला आणि सबंध सिनेमात पहिल्यांदाच त्याने कोट काढला. शर्ट पाठीला चिकटला होता. दोन वर्षं मी त्याच्या तोंडी शुद्ध मराठी घातली होती, इथे तो आपल्या बोलीत बोलला. "सापडनी," तो कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला. "मास्तरना दारमा शे."

कॅसेट मागे नेऊन मी ते पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. पडदा हलतो. हिरामणभाऊ तो हललेला पाहतात. निंबाखाली बसतात, बाजूला एका माणसाची जागा सोडतात, बराच वेळ दाराकडे बघत राहतात. शेवटी उठून कोट खांद्यावर टाकतात, कॅमेऱ्यापाशी येतात आणि तो बंद करण्याआधी कोणीतरी विचारल्यासारखं सांगतात, "मास्तर घर नहीत."