खिशातली पट्टी

हायडेलबर्गला आमच्या वसतिगृहाचे हाउसमाइस्टर प्रत्येक वाक्य 'आल्झो'ने, म्हणजे आपल्या 'तर'ने, सुरू करायचे आणि मग इतका वेळ थांबायचे की वाटे, पुढचं विसरलेच. नळ, बॉयलर, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली त्या वर्षी गल्लीच्या संरक्षणासाठी स्वयंसेवकांचं पथक निघालं आणि प्रमुख म्हणून त्यांचं नाव लागलं. हवाई हल्ल्याच्या सरावाला ते हेल्मेट, शिट्टी, वाळूची बादली घेऊन तळघराच्या दाराशी हजर असत. दंडावर बांधायची पट्टी मात्र घडी करून खिशातच ठेवायचे.

एका सकाळी भोंगा वाजला. सराव आहे हे माहीत असूनही मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळालो. तळघरातून वर आल्यावर मी म्हटलं, "माझंही नाव घाला." पुण्यात गणपतीत बिल्ला लावून गर्दी आवरायचो, स्वयंसेवक म्हणजे मला तेवढंच ठाऊक.

त्यांनी नाव लिहिलं. त्याकडे बघत राहिले. मग खोडरबराने ते पुसू लागले, कागद फाटेपर्यंत.

"आल्झो," ते म्हणाले. मी थांबलो.

"युद्धाच्या शेवटी आमच्या गावातही यादी झाली होती. चौकात वाचून दाखवली, तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही स्वयंसेवक आहोत. गणवेश नव्हते. दंडावर नुसती पट्टी. माझा भाऊ ती बांधूनच गेला."

"आणि या वेळी?" मी विचारलं.

त्यांचा हात खिशावर गेला.

"या वेळीही मला कुणी विचारलेलं नाही."