कवटीचे पॉइंट

मोबाइल, कंप्युटर, कॅमेरे, मनगटावर नाडी मोजणारी घड्याळं, या सगळ्यांबद्दल माझी मतं पुष्कळ आहेत आणि ती सांगायला मला आवडतं. हल्लीचा फोन उघडता येत नाही, बॅटरी आत चिकटवून टाकलेली असते, स्क्रू असलाच तर असा की त्याला लागणारा स्क्रूड्रायव्हर बाजारात सहज मिळू नये. यावर मी देवळाच्या कट्ट्यावर तासभर बोलू शकतो. बोलतोही. पण इतकं बोलताना एक गोष्ट मी दरवेळी वळसा घालून टाळत आलो. आता दुकान बंद केलं आहे, हात थरथरतात, आणि ज्याचा त्या गोष्टीशी सगळ्यात जास्त संबंध, त्या माणसालाही जाऊन काही वर्षं झाली. अजून टाळली तर ती माझ्याबरोबरच जाईल, आणि एका जिवंत माणसावरचा आळ तसाच राहील.

मागच्या गणपतीत घरी सगळे जमले होते. माझी नात नवी मुंबईला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तीही आली होती. जेवणं झाल्यावर फोनचा विषय निघाला. सुनेने पैठणीचं नुसतं नाव काढलं तर फोनवर पैठण्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, असं ती सांगत होती. मी लगेच माझा सूर लावला. "चोर आहेत या कंपन्या. तुमच्या घरात कान लावून बसल्यात."

नात म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे कस्टमरची माहिती कोणी उघडली, कधी उघडली, कशासाठी उघडली, सगळं दिसतं. उगाच बघितलं तर नोकरी जाते. तुमच्या दुकानात लोक अख्खी मशीन ठेवून जायचे. तिथे कोण बघत होतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग चोर कोण?" ती म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. ती थट्टा करत होती. मी मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेलो.

मी कोळी नाही. आमची भातशेती, खाडीच्या वरच्या अंगाला. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर थळच्या बाजूला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सुरुवातीला रेडिओ, टीव्ही, मिक्सर. मग बोटींवर वायरलेस आले, जीपीएस आले, पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारे फिशफाइंडर आले, आणि ते खाऱ्या हवेने बिघडू लागले. कोळ्यांची यंत्रं मी बघू लागलो. लोक मला 'सायेब' म्हणत आणि अरेतुरे करत. दोन्हीत प्रेम होतं.

त्यांच्यातला एक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा प्रमुख, माझा मित्र झाला. त्याची स्वतःची मध्यम बोट होती. बरोबर धाकटा भाऊ आणि दोनतीन खलाशी. घोळ मासा कुठे मिळेल हे त्याच्याइतकं आमच्या बंदरात कोणाला कळत नसे. घोळीला भाव मोठा. एक चांगली घोळ लागली की घरात महिनाभर कोणी चढ्या आवाजात बोलत नसे, असं त्याची बायको सांगायची.

पूर्वी अशा जागा डोंगर आणि देवळांच्या खुणा जुळवून लक्षात ठेवत आणि बापाकडून मुलाकडे जात. जीपीएस आल्यावर त्या यंत्रात गेल्या. त्याला सगळे पॉइंट म्हणत. पॉइंट कोणी कोणाला देत नाही. पोरगी देतील, पण पॉइंट देणार नाहीत, असं बंदरावर चेष्टेने म्हणत, आणि त्यात चेष्टा थोडीच होती.

एका दुपारी तांडेल यंत्र घेऊन दुकानात आला.

"सायेब, ही पेटी येडी झाली. चालू केली का आपली बोट डोंगरावर दाखवते."

"मग डोंगरावर जाळं टाक."

"टाकला असता, पण तिथं तुझी शेती हाय. बेडूक गावतील नुसते."

आतली छोटी बॅटरी गेली होती. ती बदलताना साठवलेले पॉइंट पुसले जाण्याची भीती असे, म्हणून ते आधी कंप्युटरवर उतरवून घ्यायचे आणि नंतर परत यंत्रात भरायचे, अशी माझी पद्धत होती. त्यासाठी मुंबईहून खास केबल आणली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. तांडेल शेजारी चहा पीत बसला होता. पडद्यावर त्याचे पॉइंट एकामागून एक उतरू लागले. त्या यंत्रात प्रत्येक पॉइंटला एक चित्र देता येई. मासा, नांगर, झेंडा, कवटी. कवटी म्हणजे धोका, खाली खडक किंवा बुडालेलं जहाज, जाळं फाटेल.

"तुझ्या समुद्रात धोकेच फार," मी म्हणालो. "माशांपेक्षा कवट्या जास्त."

तो हसायला लागला. बशीतला चहा सांडला. मग दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "माशाचं चित्र हाय ना, तिथं काय न्हाय. ते चोरासाठी. खरी घोळ कवटीत हाय. कोनी पेटी पळवली तरी कवटी बघून लांबून जाईल."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. इतकी साधी, इतकी हुशार युक्ती. आजकाल मोठमोठे लोक पासवर्डवर व्याख्यानं देतात, पण त्याच्याइतकं पक्कं कुलूप मी कुठे पाहिलं नाही. चावी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि कोणाला दिसत नाही.

"हे मला कशाला सांगतोस?" मी विचारलं.

"तुला सांगितलं म्हंजे भिंतीला सांगितलं. माझा धाकटा नि मी, दोघांनाच ठाव हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक ट्रॉलरवाला दुकानात आला. त्याच्या दोनतीन मोठ्या बोटी होत्या आणि माझं बरंच काम त्याच्याकडून येई. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्याला डिवचून बोलण्यात त्याला गंमत वाटे. त्या दिवशी दुकानात आणखी दोघंतिघं होते. तो म्हणाला, "सायेब नुसता नावाचा. पेट्या उघडायच्या नि बंद करायच्या. आत काय असतं ते याला काय कळतंय? कोळ्याच्या पोराला जास्त कळतं."

सगळे हसले. मला ते लागलं. कारखान्यातही मला वरच्या साहेबांनी कधी साहेब मानलं नाही आणि खालच्यांनी कधी आपलं मानलं नाही. ते सगळं त्या हसण्यात होतं, किंवा मला तसं वाटलं. बाकीचे गेल्यावर मी त्याला म्हणालो, "आत काय असतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." आणि मी त्याला कवटीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. पण आमच्या बंदरात घोळीचा तांडेल एकच होता.

त्याने स्टूल जवळ ओढलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ते पॉइंट अजून हायत तुझ्याकडं?"

होते. मी पुसले नव्हते. पुसायला हवेत असं मनात आलंही नव्हतं. मी ते त्याच्या यंत्रात भरून दिले. मोबदला काही घेतला नाही. म्हणून कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मी काही विकलं नाही. हे खरं आहे. मी फक्त मला किती कळतं ते दाखवलं, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या घरातली वस्तू वापरली. आज फोन प्रत्येक वेळी विचारतो, तुमचं ठिकाण वापरू का, हो की नाही. लोक वैतागून काही न वाचता हो म्हणतात. त्या प्रश्नाची मी कट्ट्यावर नक्कल करतो. पण विचारतो तरी. मी विचारलं नव्हतं.

थंडी सुरू झाल्यावर तांडेल घोळीला गेला, तर त्याच्या जागेवर ट्रॉलर. दुसऱ्या जागेवर गेला, तिथेही. माशाच्या चित्रांवर कोणी नव्हतं, प्रत्येक कवटीवर बोट उभी होती. त्या एका हंगामात त्या जागा साफ झाल्या.

तो दुकानात आला तेव्हा मी एका रेडिओचं काम करत होतो. स्टुलावर बसला. चहा नको म्हणाला.

"पेटी कोनी उघडली असती तर ते माशावर गेले असते," तो म्हणाला. "हे कवटीवर गेले. म्हंजे सांगनारा आतला हाय. ठाव दोघांनाच होतं."

त्याला माझी आठवण नव्हती असं नाही. मी समोर बसलो होतो, त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पण मला त्याने मोजलंच नाही. मी भिंत होतो ना.

धाकटा त्या पावसाळ्यात, बोटी बंद असताना, त्याच ट्रॉलरवाल्याकडे जाळी विणायला गेला होता. एवढं कारण पुरेसं होतं. तरी तांडेलाचं मन तयार नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, कोणीतरी नाही म्हणावं म्हणून. "तुला काय वाटतं, सायेब? तो करंल असं?"

हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवून 'तो नाही, मी' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "भावाभावांचं काही सांगता येत नाही."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पॉइंट देण्याचं पाप एखाद्या वेळी मूर्खपणात जमा होईल. हे होणार नाही.

दोघं वेगळे झाले. धाकट्याने शपथा घेतल्या, आई मध्ये पडली, उपयोग झाला नाही. नारळी पौर्णिमेला त्यांच्या घरातून समुद्राला एक नारळ जायचा, दोघं भाऊ तो एकत्र हातात धरून न्यायचे. त्या वर्षापासून दोन नारळ गेले. पुढे धाकटा नागावला गेला. तिथे पर्यटकांना केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसवून ओढणाऱ्या मोटरबोटीवर त्याला काम मिळालं. माझ्याकडे तांडेल येतच राहिला. यंत्रं बदलत गेली, टचस्क्रीन आले, तो मला चष्मा लावून विचारायचा, आता हे कुठं दाबायचं. मी शिकवायचो. तो पुढे कवटीचं चित्र वापरत नसे, सगळ्या पॉइंटना एकच ठिपका. मी कारण विचारलं नाही.

तो गेला तेव्हा धाकटा आला होता, पण खांदा द्यायला पुढे आला नाही. गर्दीच्या मागे उभा राहिला आणि परत गेला. मी खांदा दिला.

नातीच्या त्या थट्टेनंतर मला स्वस्थ बसवेना. माझ्या फोनमध्ये एक बाई बोलते, तिला काही कळलं नाही की लगेच "माफ करा" म्हणते. दिवसातून कितीदा तरी. तिला त्यासाठी अभिमान गिळावा लागत नाही. मी दिवाळीआधी एसटी पकडून नागावला गेलो.

किनाऱ्यावर गर्दी होती. धाकट्याने मला लांबूनच ओळखलं. केस पांढरे झालेत त्याचे. लाइफ जॅकेटांच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढून त्याने मला बसवलं, पोराला पाठवून शहाळं आणवलं.

"सायेब, तू या वयात फुग्यावर बसतोस काय? पडलास तर तुझा स्पेअर पार्ट मिलनार न्हाय."

मी हसलो. मग म्हणालो, "तुझ्याशी बोलायचं होतं."

"बोल ना."

मी समुद्राकडे बघत राहिलो. त्यालाच वाटलं, मी त्याच्या भावाबद्दल बोलायला आलोय आणि माझ्याने बोलवत नाही. तो म्हणाला, "शेवटपर्यंत त्याला मीच वाटलो. मी आईची शपथ घेतली, देवाला हात लावला. पन त्यो कोनाचं ऐकला न्हाय." त्याने घसरलेलं एक जॅकेट ढिगावर परत टाकलं. "तुझं ऐकत होता त्यो. तू एकदा सांगितलं असतंस ना, का तुझा भाव असा न्हाय, तर ऐकला असता. पन तुला तरी काय ठाव, तू तिथं नव्हतास."

त्याने ते रागाने म्हटलं असतं तर मला बोलता आलं असतं. तो माझी समजूत काढत होता.

"फोन कसा चालतो?" मी विचारलं. त्याच्या खिशातला फोन फुगलेला दिसत होता. "बॅटरी फुगलीय. बदलून घे. फुटेल."

"बदलतो," तो म्हणाला. मग शिट्टी वाजली, नवीन गिऱ्हाईक आलं, आणि तो मला बसायला सांगून पाण्याकडे गेला. मी शहाळं संपवलं आणि तो परत यायच्या आत उठलो.

एसटीत बसल्यावर सगळं नीट जुळून आलं, जसं नेहमी नंतरच येतं. मला त्याला म्हणायचं होतं ते एवढंच होतं: तुझ्या भावाचे पॉइंट मी दिले. युक्तीही मीच सांगितली. त्याने तुझ्याबद्दल मला विचारलं होतं, मी तिथेच होतो, त्याच्या समोर बसलो होतो, आणि मी तुझ्या विरुद्ध बोललो. तू काही केलं नव्हतंस. मला क्षमा कर.