अर्ध्या फुलीची मुलगी

हजेरीपत्रकात तुळसा नावाच्या मुलीपुढे वर्षभर अर्धीच फुली होती.

तेव्हाची पद्धत अशी: सकाळी हजर असलं की एक तिरकी रेघ, दुपारी दुसरी. दोन्ही मिळून फुली, म्हणजे पूर्ण दिवस. मी असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होतो, नाशिक जिल्ह्यातल्या शाळा तपासणं हे माझं काम. सिन्नरकडच्या या गावात मी तुळसाच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी अडलो होतो. पोर सातवीत. व्हर्नाक्युलर फायनल पास झाली तर पुढे मास्तरीण होणार, महारवाड्यातली पहिली. पण अर्ध्या हजेरीवर फॉर्म जात नव्हता.

"दुपारी येत नाही का ही?" मी हेडमास्तरांना विचारलं.

हेडमास्तरांनी सांगितलं, दोन्ही वेळा येते, एक दिवस चुकत नाही. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत एक डोकं होतं. डोक्याने मला नमस्कार केला.

कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर बसवू नये, असं सर्क्युलर आमच्या ऑफिसनेच काढलं होतं. गावकऱ्यांनी बजावलं होतं की मुलगी आत आली तर आमची पोरं बाहेर. हेडमास्तर भला माणूस, पण कणा बेताचाच. त्यांनी खिडकीखाली दगड मांडला आणि तुळसाला त्यावर उभं केलं.

"डोकं आत, धड बाहेर," ते म्हणाले. "पूर्ण हजर लिहावं तर गावाला खोटं, गैरहजर लिहावं तर सरकारला. म्हणून अर्धी."

मला हसू आलं आणि रागही आला. शिकायला डोकं लागतं की धड, असं मी विचारलं. त्यावर सर्क्युलरमध्ये खुलासा नाही, असं उत्तर मिळालं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या खुर्चीकडे गेलं. वारा लागावा म्हणून ती उंबऱ्यावर होती. पुढचे दोन पाय वर्गात, मागचे दोन ओसरीत.

"किती वर्षं बसता इथे?"

"अकरा, साहेब."

"म्हणजे साडेपाचच धरायची. पेन्शनचं बघावं लागेल."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी दौत ओढली आणि वर्षभराच्या फुल्या एका बैठकीत पुऱ्या केल्या. मी फॉर्मवर सही केली. पुन्हा घोळ नको म्हणून शेरेबुकात झोकात शेरा लिहिला: 'खिडकीतून डोके आत असल्यास विद्यार्थी वर्गात पूर्ण हजर समजावा.' स्वतःवर बेहद्द खूश होतो मी. तुळसाला जवळ जाऊन सांगितलं, तू आता पूर्ण हजर.

"म्हंजी मी आतच हाय?"

"हो."

"मंग सायेब, पाय बी आत आणू का?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. नाशिकची सर्व्हिस मोटार सुटायची होती. आधी परीक्षा होऊ दे, असं काहीसं मी पुटपुटलो आणि निघालो.

तुळसा पास झाली.

पुढच्या वर्षी डेप्युटी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तीन शाळांचे अर्ज होते. दोघांना भिंतीत नव्या खिडक्या पाडायच्या होत्या. तिसऱ्याने पावसाळ्यासाठी खिडकीबाहेर छपरी मागितली होती, बाहेरची मुलं भिजू नयेत म्हणून. तिन्ही अर्जांना माझ्या शेऱ्याची नक्कल जोडलेली.

"हा शेरा तुमचा?"

"हो, साहेब."

"मग खिडक्याही तुम्हीच बुजवा."

नवा शेरा काय लिहावा याचा मी सिन्नरपर्यंत विचार केला. 'पाय आत हवेत' लिहावं, तर कोणी पाय आत घेऊन डोकं बाहेर ठेवील. या लोकांचा नेम नाही. शाळेत पोचलो तर त्याच दगडावर तुळसाची धाकटी बहीण उभी. मी काही लिहिलं नाही. तिचा हात धरला, दारातून आत आणलं, पहिल्या रांगेत तरटावर बसवलं आणि शेजारी मीही मांडी घातली. नऊ मुलं उठून बाहेर गेली. त्यांच्यापुढे अर्धी फुली मारा, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. परीक्षा तोंडावर होती. चौथ्या दिवशी नऊच्या नऊ परत आली.

आधीच्या वर्षीही एवढंच करायचं होतं. दारापासून तरटापर्यंत चार पावलं होती, आणि मोटार तर संध्याकाळीही होती.

तुळसा पुढे मास्तरीण झाली. त्या शाळेत ती एकदाही आत बसली नाही. तिच्या दाखल्यावर मात्र हजेरी पूर्ण आहे, आणि खाली सही माझी आहे.