अब्बांच्या तोंडातला शब्द

कागलच्या स्टँडवर अब्बांनी माझी सुटकेस एसटीच्या डिकीत स्वतः चढवली, कंडक्टरला हात लावू दिला नाही. सुटकेसवर त्यांनी खाकी कापडाची खोळ शिवली होती, तीही दुहेरी शिलाईची, जशी काय मी लंडनला नाही, लढाईवर निघाले होते. आत भडंग आणि कांदालसूण चटणी. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि ओरडले, "पोटाला खा गं शबाना! यहुद्यागत कंजुषी करू नको!" अख्खी गाडी हसली. मीपण हसले, आणि मग कोल्हापूर येईपर्यंत रडले.

तुम्हा घरच्यांना हा शब्द काय नवीन सांगायचा! अब्बांच्या शिलाई मशीनइतकाच तो घरातला होता. कुणी गुळाचा खडा लपवला, यहुदी. शेळीनं दावं सोडवून घेतलं, यहुदी. गिऱ्हाइकानं आखूड कापड आणून सदरा लांब मागितला, मग तर विचारूच नका. यहुदी म्हणजे नेमकं कोण, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. कागलात एक तरी यहुदी कुणी बघितला होता का?

लंडनला मला नईमा आंटींची काळजी घ्यायचं काम मिळालं. वय नव्वदीचं, जन्म बगदादचा, दिवसभर घरात अरबी गाणी. मी म्हटलं, चला, आपल्यातलीच निघाली. पहिल्या दिवशी सलाम केला, तर म्हातारीनं माझ्यापेक्षा चांगला उलट सलाम केला. दाराच्या चौकटीवर एक धातूची नळी तिरकी ठोकली होती. मी तिला तावीज समजले आणि येताजाता हात लावायला लागले. आंटी बघायच्या, गालात हसायच्या, बोलायच्या काही नाहीत. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, माझ्या मोडक्या आणि त्यांच्या कडक.

एका दुपारी खिडकीबाहेर धुकं इतकं होतं की समोरची घरं विरघळल्यासारखी वाटत होती. आंटी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी अब्बांना फोन लावला आणि गाऱ्हाणं सांगायला लागले, "अब्बा, म्हातारी लै यहुदी हाय बघा! गोळी जिभंखाली धरती आणि मी वळले की कुंडीत टाकती."

मागून आवाज आला, स्वच्छ मराठीत, "हो बाई, यहुदीच आहे. पण त्याचा आणि गोळीचा काय संबंध?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. फोनमधनं अब्बा विचारत होते, "कोण बोललं गं? मराठी कोण बोललं तिथं?" मी फोन बंदच केला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा करायला सांगितला, त्यांचा तो वाळल्या लिंबाचा आंबट चहा, आणि समोर बसवलं. बगदादहून त्यांचे घरचे पुण्याला मामाकडे आले होते. आंटींची शाळा पुण्यात, लग्न पुण्यात, मग इकडं. दारावरची नळीही तावीज नव्हती, तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं होती. मी मराठी आहे हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. म्हातारीला गंमत बघायची होती, आणि गंमत ही अशी झाली.

त्यानंतरच्या दुपारी मला झोपेत ऐकल्यासारख्या आठवतात. आंटी बोलायच्या, मध्येच थांबायच्या, पुन्हा दुसरीकडूनच सुरू व्हायच्या. शेकडो वर्षं आम्ही त्या शहरात होतो, म्हणायच्या. एखादा खलिफा आमच्या वैद्याला शेजारी बसवून घ्यायचा, आणि दुसरा कुणी खलिफा हुकूम काढायचा की यहुद्यांनी अंगरख्यावर पिवळं कापड शिवून घ्यावं, म्हणजे लांबून ओळखू येतील. शेजारी चांगले होते. सणाला ताटं जायची, यायची. पण शिवी म्हणून आमचं नाव होतंच, भांडण कुणाचंही असो. मग रेडिओवर परदेशातलं नवं विष यायला लागलं, आणि ते जुन्या शिवीत चटकन मिसळलं.

आंटी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. दोन दिवस गल्लीत लूट आणि मारहाण चालली होती. जमाव त्यांच्या दाराशी आला, तेव्हा आईनं त्यांना गच्चीवर नेलं. गच्चीला गच्ची लागून, उन्हाळ्यात सगळं बगदाद तिथंच झोपायचं. पलीकडच्या मुसलमान बाईनं हात धरून ओढून घेतलं आणि खाली दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, या घरात माझीच माणसं आहेत. आंटींचे काका मात्र दुकानातून परत आलेच नाहीत. पुढं जे मागं राहिले, त्यांनाही काही वर्षांनी नागरिकत्व सोडून एकेक बॅग घेऊन निघावं लागलं.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढं कागलच येत होतं. आमच्या गच्चीला लागून चौगुल्यांची गच्ची. लहानपणी उडी मारून मी काकूंकडं शेंगदाण्याचे लाडू खायला जायची. असा दिवस आमच्यावर आला तर काकू हात देतील का, असं मनात आलं आणि मीच दचकले. शाळेत एकदा एकीनं मला नुसतं 'तुम्ही लोक' म्हटलं होतं, तर आठ दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं.

आंटींनी मला कामावरनं काढलं नाही, पुन्हा विषयही काढला नाही. अडकले होते मीच. हे सगळं ऐकल्यावर तो शब्द अब्बांच्या तोंडून मला ऐकवणार नव्हता. आणि 'अब्बा, तुमचं चुकतंय' असं म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. पंधरा दिवस मी नुसतं हवापाण्याचं बोलत राहिले. शेवटी एका रविवारी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. गच्ची, काका, पिवळं कापड, सगळं.

अब्बा पहिल्यांदा तडकलेच. "माझा बा म्हणायचा, म्हणून मी म्हणतो. मी कुणाला मारलंय व्हय?" मग मशीनची खडखड सुरू झाली. मला वाटलं, संपलं, आता महिनाभर बोलायचे नाहीत. मी फोन कानाला तसाच धरून बसले. बऱ्याच वेळानं खडखड थांबली.

"शबाना," ते म्हणाले, "त्यो पिवळा कपडा कुणीतरी शिंप्यानंच शिवला असंल की गं."



गेल्या महिन्यात घरी येऊन गेले ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंच. सारखं खाणं, सारखी गर्दी. पण तुमच्या लक्षात आलं नसेल असं एक सांगते. पंधरा दिवसांत शेळीनं दोनदा दावं सोडवलं आणि अब्बा दोन्ही वेळेला "लै..." म्हणून थांबले. पुढचा शब्द सापडत नव्हता बिचाऱ्यांना. माझ्या हातात त्यांनी आंटींसाठी गोळ्यांची पिशवी दिली, सात दिवसांचे सात कप्पे, मोरपंखी कापडाची. "पिवळं लै होतं घरात," एवढंच म्हणाले.

निघताना पुन्हा तोच स्टँड, तीच खोळ. गाडी हलली. अब्बा आता चार पावलं चालू शकत नाहीत, जागेवरूनच ओरडले, "पोटाला खा गं! ..." आणि तोंड उघडं ठेवून उभे राहिले. गाडी वळायला लागली. तसे दोन्ही हात तोंडाशी नेऊन म्हणाले, "माझ्यागत कंजुषी करू नको!"

तुम्ही विचारता, घर आठवतं का. आठवतं की. पण पूर्वी घर म्हटलं की मला गच्ची दिसायची, मशीन दिसायचं. आता त्या वळणावर शब्द शोधत उभे राहिलेले अब्बा दिसतात. ऐंशीला टेकलेला माणूस पोरीपायी जन्माचा शब्द टाकून देतो, त्याला सोडून मी दुसऱ्या कशाला घर म्हणू?

लंडनला पोचले तर आंटी पिशवी मांडीवर घेऊन कप्प्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, "निघताना बाबा काय म्हणाले?"

मी सांगितलं, पहिल्या खेपेचं आणि या खेपेचंही.

आंटींनी त्या दिवशीच्या कप्प्यातली गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली, आणि तोंड उघडून, जीभ वर करून मला दाखवली.