कुलूपवाल्या काकांची सहा वर्षं

गल्लीत कुणाची किल्ली हरवली की कुलूपवाल्या काकांना बोलावणं जायचं. दोन तारा घालून ते दार उघडून देत आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरत. काकू गेल्यापासून दुसऱ्याचं भरलं घर बघितलं की त्यांना आपलं जास्तच खायला उठे.

माणसांत मिसळायचं निमित्त एकच उरलं होतं, चर्चच्या पंचकमिटीचं अध्यक्षपद. दाराची किल्ली अध्यक्षाकडे असे. रविवारी तासभर आधी जाऊन काका बाकं पुसत, येईल त्याची विचारपूस करत. आठवड्याचं बोलणं तेवढ्यात उरकून घेत.

सहा वर्षांनी अध्यक्ष बदलायचा, हा नियम तरुणपणी त्यांनीच भांडून करून घेतला होता. सगळे पापी आहोत असं दर रविवारी कबूल करायचं आणि एकालाच जन्मभर खुर्चीत बसवायचं, हे त्यांना पटत नसे. आता त्यांचीच सहा वर्षं भरली होती. इथंच घोडं पेंड खात होतं.

सभेत चर्चचे पाळक म्हणाले, "काकांपुरता नियम बाजूला ठेवू. असा माणूस मिळायचा नाही." सगळ्यांचे हात वर गेले. काकांना भरून आलं. राहू दे की, कुणाचं काय बिघडतंय, असं त्यांना फार वाटलं.

"वाईट माणसाला तुम्ही तसंही हाकलाल," ते कसेबसे म्हणाले. "नियम चांगल्यासाठीच लागतो. मला घरी करमत नाही, म्हणून ही किल्ली हवीय. अजून सहा वर्षांनी मागितलीत तर मी देणार नाही."

किल्ली टेबलावर ठेवली. कमिटीतल्या शिंपीणबाई अध्यक्ष झाल्या.

पुढच्या रविवारी थंडीत सगळे पायरीवर उभे, आणि शिंपीणबाईंचा पत्ता नाही.

"काका, उघडा की. तुमच्या डाव्या हातचा मळ."

तारा खिशातच होत्या. "किल्ली तिच्याकडे आहे. येईल ती."

"रुसलेत वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं. मंडळी समोरच्या उन्हात जाऊन गप्पा मारू लागली. काका दारापाशी एकटेच राहिले.

शिंपीणबाई धापा टाकत आल्या. किल्ली फिरेना. "जरा वर उचल, मग फिरव," काका हात मागे बांधून म्हणाले.

दार उघडलं. बाकांवर धूळ होती. काकांनी रुमालानं आपल्यापुरती जागा पुसली, मग सवयीनं शेजारची काकूंचीही पुसली आणि बसले.